न पटणाऱ्या चळवळीचे म्हणणे कसे आणि कुठवर ऐकावे?

मध्यमपदी (धागाकर्ता)

मी स्वभावाने संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. कोणत्याही चळवळीची घोषणा कानावर पडली की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो ‘यांच्यामागे कोण आहे?’ हा. ‘हे म्हणत काय आहेत?’ हा प्रश्न बऱ्याच वेळाने येतो आणि कधी कधी येतच नाही. या सवयीवरून गेल्या महिन्यात घरातच खटका उडाला, म्हणून हा धागा काढतो आहे.

माझी मुलगी एका चळवळीच्या बैठकांना जाऊ लागली आहे. चळवळीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ते दिले की पुढचे सगळे प्रतिसाद त्या नावाभोवतीच फिरतील. एका रात्री मी त्या चळवळीवर बरेच तोंडसुख घेतले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “बाबा, त्यांचे मागणीपत्रक वाचले आहे का तुम्ही?” वाचले नव्हते. माझे मत तीन चित्रफितींवर उभे होते आणि त्या तिन्ही चळवळीच्या विरोधकांनीच फिरवलेल्या होत्या. तिने चार पानांचे पत्रक समोर ठेवले आणि मी पेन्सिल घेऊन बसलो. एकूण अकरा मागण्या होत्या. त्यांपैकी सहांशी माझे काहीच भांडण नव्हते. तीन मला नीट कळल्याच नाहीत. उरलेल्या दोन मला तेव्हाही चुकीच्या वाटल्या आणि आजही वाटतात. गंमत अशी की माझा इतक्या दिवसांचा सगळा राग त्या दोहोंपैकी एकीवरच होता. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरे, पण ते शीतही मी स्वतः उचललेले नव्हते. दुसऱ्याने निवडून माझ्या हातावर ठेवले होते.

आपल्याकडच्या जुन्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्षाची शिस्त आहे. खंडन करण्याआधी प्रतिपक्षाचे म्हणणे मांडायचे, आणि तेही असे की तो स्वतः म्हणाला पाहिजे, ‘हो, मला हेच म्हणायचे होते.’ चर्चेत आपण या शिस्तीचे गोडवे गातो, पण प्रत्यक्ष एखादी चळवळ समोर आली की ती गुंडाळून ठेवतो.

‘न पटणाऱ्यांचेही ऐकावे’ असे म्हटले की लगेच पुढे येते, ‘म्हणजे उद्या वाटेल त्याला डोक्यावर घ्यायचे का?’ म्हणून मी मुद्दाम असे उदाहरण घेतो, ज्यात चळवळ मुख्य मुद्द्यावर चुकीची होती. इंग्लंडमध्ये १८५३च्या कायद्याने तान्ह्या मुलांना देवीची लस टोचणे सक्तीचे झाले. १८६७च्या कायद्यानंतर नकार देणाऱ्या पालकांना त्याच मुलासाठी पुन्हा पुन्हा दंड होऊ लागला. दंड भरला नाही तर घरातले सामान जप्त होई, काहींना तुरुंगही घडला. या सक्तीविरुद्ध मोठी चळवळ उभी राहिली आणि मार्च १८८५मध्ये लेस्टर शहरात प्रचंड मोर्चा निघाला. लस निरुपयोगी आहे, घातक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सुशिक्षित वर्गाने त्यांना अडाणी ठरवून मोकळे व्हावे, अशी सगळी परिस्थिती होती.

तरीही १८८९मध्ये सरकारने या प्रश्नावर राजआयोग नेमला. आयोगाचे काम सात वर्षे चालले. लशीच्या विरोधकांना साक्षीला बोलावले गेले. उत्क्रांतीच्या सिद्धान्तात डार्विनच्या बरोबरीने ज्याचे नाव घेतले जाते तो आल्फ्रेड रसेल वॉलेसही लशीच्या विरोधात साक्ष द्यायला आला होता. १८९६च्या अंतिम अहवालात आयोगाने स्वच्छ शब्दांत सांगितले की लशीमुळे देवीपासून संरक्षण मिळते. म्हणजे मुख्य मुद्द्यावर चळवळ हरली. मात्र एकाच मुलासाठी पुन्हा पुन्हा दंड करणे बंद करावे, अशी शिफारसही त्याच अहवालात होती, आणि १८९८च्या कायद्याने सदसद्विवेकाच्या कारणावरून नकार देण्याची मुभा दिली.

यातली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्या काळी लस बाटलीतून येत नसे. एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातला द्रव काढून तो दुसऱ्या मुलाच्या दंडावर टोचत. टोचलेल्या मुलाला आठव्या दिवशी पुन्हा आणावे लागे आणि तेव्हा त्याच्या फोडातून पुढच्या मुलांसाठी लस काढून घेत. ‘दुसऱ्याच्या मुलाचा रोग माझ्या मुलाच्या अंगात जातो’ असे आया म्हणत. ही भीती अगदीच निराधार नव्हती, कारण या पद्धतीने उपदंशासारखा रोग पसरल्याची उदाहरणे घडलेली होती. १८९८च्या कायद्याने हातावरून हातावर टोचणे बंद केले आणि वासराच्या अंगावर तयार केलेल्या लशीचा मार्ग धरला. म्हणजे लशीबद्दल चुकीचे बोलणाऱ्या त्या आया टोचण्याच्या पद्धतीबद्दल मात्र बरोबर होत्या. त्यांचे ऐकूनच घेतले नसते, तर हा दुसरा भाग पहिल्याबरोबर फेकला गेला असता.

माझे म्हणणे एवढेच आहे की चळवळीला साक्षीदार म्हणून गंभीरपणे ऐकावे. तिने सांगितलेला उपाय मात्र इतर कोणत्याही उपायाइतकाच कसून तपासावा. तुमची मते वाचायला आवडतील, विरोधी असतील तर अधिक.

शंकेखोर

धागा चांगला आहे, पण उदाहरण तुम्ही सोयीचे निवडले आहे. १८९६मध्ये ऐकून झाले, निकाल लागला. १९८०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. याहून मोठा पुरावा कोणता असू शकतो? तरीही १९९८मध्ये अँड्र्यू वेकफील्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बारा मुलांवरचा एक निबंध छापला. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या एकत्रित लशीचा स्वमग्नतेशी संबंध असल्याची भीती त्यातून जगभर पसरली. पुढे मोठमोठ्या अभ्यासांत असा संबंध आढळला नाही. २०१०मध्ये नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफील्डचे नाव ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदणीतून काढले गेले. मधली बारा वर्षे ‘दोन्ही बाजू ऐकल्या पाहिजेत’ या सद्भावनेपोटी वृत्तवाहिन्यांनी एका खुर्चीवर शास्त्रज्ञ आणि दुसऱ्या खुर्चीवर त्याचा विरोधक बसवला. पाहणाऱ्याला वाटले, प्रश्न निम्मानिम्म आहे. ऐकून घेण्याची किंमत कोणीतरी मोजतच असते, आणि इथे ती लस न मिळालेल्या मुलांनी मोजली.

माझा प्रश्न सरळ आहे. ऐकण्याला काही शेवट असतो की नाही? त्याच माणसाने तेच म्हणणे चौथ्यांदा आणले तर चौथ्यांदाही खुर्ची द्यायची का?

नोंदवही

शंकेखोर यांचा प्रश्न योग्य आहे. पण मला आधी दुसऱ्या बाजूने काही मांडायचे आहे. संशयाने ऐकणारा माणूस चळवळीचा शत्रूच असतो, असे आपण धरून चाललो आहोत. इतिहासातल्या सर्वांत यशस्वी चळवळींपैकी एक तर अशा संशयी श्रोत्यांमुळेच धारदार झाली.

लंडनमध्ये १७८७मध्ये बारा जणांनी गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी समिती स्थापन केली. त्यांतले नऊ जण क्वेकर पंथाचे, म्हणजे तेव्हाच्या प्रतिष्ठित समाजाच्या दृष्टीने विक्षिप्तच. त्या काळी साखर, जहाजे, विमा आणि बंदरे यांचे सगळे अर्थकारण या व्यापारात गुंतलेले होते. व्यापाराच्या समर्थकांचा एक युक्तिवाद फार प्रभावी होता. गुलामांची ने-आण करणारी जहाजे म्हणजे खलाशांची शाळा आहे, ती बंद झाली तर आरमाराला अनुभवी माणसे मिळणार नाहीत, असे ते म्हणत. देशाच्या संरक्षणाचा मुद्दा आला की करुणेची भाषा तोकडी पडते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

समितीच्या थॉमस क्लार्कसनने या मुद्द्याला भाषणाने उत्तर दिले नाही. तो ब्रिस्टल आणि लिव्हरपूलच्या बंदरांत गेला आणि जहाजांच्या हजेरीपटांची दप्तरे उघडून बसला. किती खलाशी निघाले, किती परत आले, किती वाटेत मेले, किती पळून गेले, हे त्याने जहाजामागून जहाज उतरवून काढले. सुमारे वीस हजार खलाशांची माहिती त्याने जमवली असे सांगतात. त्यातून निघालेला निष्कर्ष असा होता की ही खलाशांची शाळा नसून स्मशान आहे; इतर व्यापारांच्या तुलनेत इथे खलाशांचे मृत्यू कितीतरी अधिक होते. लिव्हरपूलच्या दुकानात उघड्यावर विकायला ठेवलेल्या बेड्या, अंगठे चिरडण्याचे चाप आणि उपाशी राहू पाहणाऱ्या गुलामाचा जबडा उघडण्याचे यंत्रही त्याने विकत आणले. त्या यंत्राचा उपयोग त्याला दुकानदारानेच समजावून सांगितला होता.

सरकारने व्यापाऱ्यांनाही ऐकले, हे विसरू नये. प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाच्या, समितीपुढे जहाजवाल्यांनी सांगितले की प्रवासात गुलामांना चांगले वागवले जाते, खोल्यांत धूप जाळला जातो, डेकवर गाणे आणि नाचही होतो. मे १७८९मध्ये विल्यम विल्बरफोर्सने पार्लमेंटमध्ये हीच साक्ष हाती घेतली आणि त्या नाचामागे चाबूक होता हे दाखवून दिले. प्रतिपक्षाचे म्हणणे अधिकृतपणे नोंदले गेले म्हणूनच ते खोडता आले. १७९१मध्ये ठराव १६३ विरुद्ध ८८ मतांनी हरला. व्यापारबंदीचा कायदा १८०७मध्ये झाला.

वाचनमात्र

वरचा प्रतिसाद जपून ठेवत आहे. मुळात १८०७ला बंद झाला तो व्यापार. खुद्द गुलामगिरी ब्रिटिश वसाहतींत रद्द करणारा कायदा १८३३चा. आणि दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना. ज्यांना राबवले त्यांना काही नाही. कोणाचे ऐकले गेले, हे भरपाईच्या हिशेबावरूनही कळते.

जुनी कार्यकर्ती

सर्वांचे प्रतिसाद वाचले. आपण सगळे ऐकणाऱ्याच्या खुर्चीत बसून बोलत आहोत, म्हणून समोरच्या बाजूने थोडे सांगते. एका कारखान्याच्या सांडपाण्याविरुद्धच्या आंदोलनात मी बारा वर्षे होते. आमचे म्हणणे कोणी ऐकले नाही, असे मी कधीच म्हणणार नाही. उलट आमचे म्हणणे फार वेळा ऐकले गेले. तीन समित्या झाल्या. प्रत्येक वेळी नवे अध्यक्ष सौजन्याने विचारत, “आपले म्हणणे थोडक्यात सांगा.” आम्ही अगदी पहिल्यापासून सांगत असू. दुसऱ्या समितीपुढे आमच्यातल्या एक वयस्कर बाई आपल्या विहिरीचे पाणी काचेच्या बाटलीत भरून घेऊन आल्या आणि त्यांनी ती बाटली टेबलावर ठेवली. पाण्याला तपकिरी रंग होता आणि वर तेलकट तवंग होता. साहेबांनी शिपायाला बोलावून बाटली खाली ठेवायला सांगितले, कारण तिच्या बुडाशी ओल होती आणि कागद भिजले असते. अहवालात त्या बाईंची साक्ष व्यवस्थित नोंदलेली आहे. बाटलीचा उल्लेख कुठेच नाही.

म्हणून ‘ऐकून घ्यावे’ या शब्दांची मला आता थोडी धास्ती वाटते. घोंगडे भिजत ठेवण्याचा तो सर्वांत सभ्य मार्ग आहे. मध्यमपदी यांनी ज्या आयोगाचे कौतुक केले, तो सात वर्षे बसला होता. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना मत द्यावे का, यावर १९५९मध्ये जनमत घेतले गेले. त्यात मत देणारे अर्थातच सगळे पुरुष होते, आणि त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांशांनी ‘नाही’ म्हटले. तो हक्क देशपातळीवर मिळायला १९७१ उजाडले. न्यूझीलंडने हेच १८९३मध्ये दिले होते. बारा वर्षांनी पुन्हा प्रश्न विचारायचा आणि तोही ज्यांच्याकडे आधीच हक्क आहे त्यांनाच विचारायचा, याला ऐकणे म्हणायचे का?

शंकेखोर यांनी विचारले, चौथ्यांदा खुर्ची द्यायची का? मी उलट विचारते, पहिल्या तीन वेळा जे ऐकले त्याचे काय केले, हे चौथ्या वेळेआधी कोणी लिहून देईल का?

उत्तरपक्ष

मला धाग्याच्या मूळ मांडणीवरच आक्षेप घ्यायचा आहे. चळवळ म्हटली की मोर्चा आणि खाली बसलेले लोक आपल्या डोळ्यांपुढे येतात. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीची एक अतिशय प्रबळ चळवळ प्राध्यापक, डॉक्टर, न्यायाधीश आणि समाजसुधारक यांनी चालवलेली होती, आणि तिचे सर्वत्र अत्यंत आदराने ऐकले गेले. ती सुप्रजननाची चळवळ. फ्रान्सिस गॉल्टनने १८८३मध्ये त्या विचाराला नाव दिले. १९०७मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. १९१२मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ‘अयोग्य’ माणसांनी मुले होऊ देऊ नयेत, हे म्हणणे तेव्हा प्रागतिक आणि शास्त्रीय समजले जाई. स्वीडनमध्ये १९३४पासून १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे ६३ हजार नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतल्या कित्येक सक्तीच्या किंवा दबावाखालच्या होत्या.

या चळवळीला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही न्याय्य सुनावणी मिळाली, निदान कागदावर. व्हर्जिनियातल्या कॅरी बक नावाच्या तरुणीची नसबंदी करायची होती. ती, तिची आई आणि तिची तान्ही मुलगी अशा तीन पिढ्या मतिमंद आहेत असा दावा होता. १९२७मध्ये न्यायालयाने आठ विरुद्ध एक मताने नसबंदीला परवानगी दिली. कॅरीला वकील होता, पण त्या वकिलाचे शस्त्रक्रिया करू पाहणाऱ्या संस्थेशीच जुने संबंध होते आणि त्याने तिच्या बाजूने एकही साक्षीदार उभा केला नाही. काही महिन्यांची असताना जिला मंद ठरवले गेले ती तिची मुलगी पुढे शाळेत गेली आणि एकदा गुणवंतांच्या यादीतही आली. आठव्या वर्षी ती आजाराने वारली.

तेव्हा ‘ऐकून घ्या’ या सल्ल्यात मोठी भर घालावी लागेल. इथे चळवळीचे ऐकले गेले. ती चळवळ ज्यांच्याविषयी बोलत होती, त्यांचे ऐकले गेले नाही.

मध्यमपदी

उत्तरपक्ष, हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. मूळ लेखात तो असायला हवा होता. चळवळीला साक्षीदार म्हणून ऐकावे, असे मी म्हणालो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ज्यांच्या अंगावर प्रश्न कोसळलेला असतो ते लोक होते. सुप्रजननवाल्यांनी स्वतः काहीच सोसलेले नव्हते. ते दुसऱ्यांच्या शरीराविषयी बोलत होते. साक्षीदार कोण आहे आणि त्याने काय पाहिले आहे, हे विचारल्याशिवाय साक्षीला किंमत नसते, हे कोणीही सांगेल. माझ्या मांडणीत मात्र तो प्रश्न नव्हता.

पण ज्यांनी सोसले त्यांचे ऐकले की उपायही त्यांचाच घ्यावा, असे होत नाही. अमेरिकेतल्या दारूबंदीच्या चळवळीतल्या कितीतरी स्त्रिया स्वतःच्या घरातल्या मारहाणीविषयी आणि पगाराच्या दिवशी रिकाम्या होणाऱ्या खिशाविषयी बोलत होत्या. त्यात खोटे काहीच नव्हते. जानेवारी १९२०पासून देशभर दारूबंदी लागू झाली. चोरटा धंदा आणि टोळ्या फोफावल्या आणि १९३३मध्ये राज्यघटनेत पुन्हा दुरुस्ती करून बंदी उठवावी लागली. तक्रार खरी होती आणि उपाय फसला. दोन्ही वाक्ये एकदम खरी असू शकतात, हे आपल्याला मान्य करायला जड जाते. उपाय फसला की तक्रारच खोटी होती असे म्हणायला आपण मोकळे होतो, आणि तक्रारीने मन हेलावले की उपाय तपासण्याचीच लाज वाटू लागते.

शंकेखोर, चौथ्या खुर्चीविषयी. नवी माहिती आणली तर खुर्ची द्यावी, तीच माहिती आणली तर जुन्या निकालाची प्रत द्यावी. पण जुनी कार्यकर्ती म्हणतात त्याप्रमाणे निकालाची प्रत तयार असायला हवी. ती नसेल तर पाचव्यांदाही खुर्ची देणे भाग आहे, कारण तो दोष ऐकणाऱ्याचा आहे.

शंकेखोर

हे उत्तर मला बऱ्यापैकी पटले. एक शंका मात्र राहते. रीतिभातीचे काय? ब्रिटनमध्ये मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांच्या एका गटाने १९१२मध्ये दुकानांच्या काचा फोडल्या, पुढे रिकाम्या इमारतींना आगी लावल्या. संसदेतल्या कितीतरी सदस्यांना मागणी मान्य असूनही या प्रकारांमुळे ते मागे सरले, असे तेव्हाही बोलले जात होते. मिलिसेंट फॉसेट यांच्या सनदशीर संघटनेलाही हा मार्ग मान्य नव्हता. शिवाय मताधिकार नकोच म्हणणाऱ्या स्त्रियाही होत्या. लेखिका मेरी वॉर्ड यांच्या पुढाकाराने १९०८मध्ये स्त्रियांची मताधिकारविरोधी संघटना स्थापन झाली. मध्यमपदी यांची कसोटी इथे लावायची तर साक्षीदार कोणाला धरायचे? काच फोडणारीला, अर्ज लिहिणारीला, की मत नको म्हणणारीला?

जुनी कार्यकर्ती

तिघींनाही. आणि त्यांचे काय म्हणणे आहे ते वेगवेगळे लिहून घ्यायचे. मत नको म्हणणारीची साक्ष एवढीच की तिला ते नको आहे. दुसरीला ते मिळू नये, हे त्या साक्षीतून निघत नाही.

काचांविषयी तारखा पाहाव्यात. १८६६मध्ये सुमारे दीड हजार स्त्रियांच्या सह्यांचा अर्ज जॉन स्टुअर्ट मिल यांनी संसदेत सादर केला. १८६७मध्ये त्यांनी मांडलेली दुरुस्ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी फेटाळली गेली. त्यानंतर अर्ज, सभा आणि विधेयके चालूच राहिली. पहिल्या अर्जानंतर ४६ वर्षांनी काचा फुटल्या. काच फोडणारीवर खटला जरूर चालवावा, आणि तो चाललाही. पण रीतसर मागताना ज्यांनी ४६ वर्षे कान दिला नाही, त्यांनी आवाज चढला म्हणून कान झाकून घेणे मला तरी जमत नाही. आगी लावणे चूक होते असे माझे मत आहे आणि आमच्या आंदोलनात एका मुलाने कारखान्याच्या फाटकावर दगड मारला तेव्हा मीच त्याला घरी पाठवले होते. तरीही दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात बातमी त्या एका दगडाचीच होती.

नोंदवही

याच मुद्द्याला जोडून. कोणी नवे यंत्र नको म्हटले की त्याला इंग्रजीत ‘लडाइट’ म्हणून हिणवतात. १८११पासून इंग्लंडच्या मध्य भागात विणकरांनी माग फोडले हे खरे. पण मागावर काम करणे हाच त्यांचा व्यवसाय होता. मागाशी त्यांचे वैर कसे असेल? नॉटिंगहॅमकडच्या मोजेविणकरांची मुख्य तक्रार अशी होती की रुंद मागावर कापड विणून, ते कापून, शिवून हलक्या प्रतीचे मोजे बाजारात आणले जातात आणि त्यामुळे मजुरी आणि मालाचे नाव दोन्ही घसरते. म्हणजे कशाला किती मजुरी द्यायची आणि कोणता माल चांगला म्हणायचा, याविषयीचा तो तंटा होता. १८१२मध्ये माग फोडण्याला देहदंडाची शिक्षा ठेवणारा कायदा झाला. त्या विधेयकाविरुद्ध कवी बायरन यांनी वरिष्ठ सभागृहात आपले पहिले भाषण केले. कायदा तरीही झालाच. फोडलेले माग लोकांच्या लक्षात राहिले, पण मोज्यांची तक्रार कोणाला आठवत नाही.

वाचनमात्र

एरवी मी लिहीत नाही, पण एक मुद्दा सुटला आहे असे वाटते. कधी कधी एकाच चळवळीत ऐकण्यासारखे आणि फेकून देण्यासारखे असे दोन्ही धागे इतके गुंतलेले असतात की ओढायला गेले तर वस्त्रच फाटते. संततिनियमन घ्या. लंडनमध्ये मारी स्टोप्स यांनी १९२१मध्ये केंद्र काढले, त्याच वर्षी मुंबईत र. धों. कर्वे यांनी काढले. पुढे १९२७मध्ये कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले, आणि त्याच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४मध्ये त्यांची बाजू न्यायालयात मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. आज आपण या माणसांकडे काळाच्या पुढचे म्हणून पाहतो. परंतु स्टोप्सबाई सुप्रजननाच्याही कट्टर पुरस्कर्त्या होत्या. त्यांच्या लेखनातला तो भाग वाचवत नाही. वर उत्तरपक्ष यांनी ज्या विचाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, तोच विचार या चळवळीच्या घरात राहत होता. तेव्हाच्या एखाद्या संशयी वाचकाने सुप्रजननाच्या रागाने संततिनियमनही झिडकारले असते, तर त्याला दोष कसा देणार? आणि नाही झिडकारले, तर सुप्रजननाला त्याने कळत नकळत दारातून आत घेतलेच ना?

उत्तरपक्ष

त्या वाचकाला एक वाट होती. सातव्या-आठव्या बाळंतपणाला भिणाऱ्या बाईला विचारायचे, ‘तुला काय हवे आहे?’ तिचे उत्तर संततिनियमनाच्या बाजूने आले असते. सुप्रजननाच्या बाजूने येण्याचे तिला काहीच कारण नव्हते. दोन धागे तिथे आपोआप सुटतात. वाद फक्त पुस्तकांतून वाचणाऱ्याला मात्र ते एकच दिसतात. हे मी स्वतःलाही लावून घेतो आहे, कारण माझे वाचनही बहुतांशी तसलेच आहे.

मध्यमपदी

इतके प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते. सर्वांचे आभार. पुढे काय झाले ते सांगणे माझ्याकडे लागते.

उत्तरपक्ष आणि जुनी कार्यकर्ती यांचे वाचून मी मुलीबरोबर त्यांच्या बैठकीला गेलो. खोलीत वीस-बावीस जण होते आणि बहुतेक माझ्या निम्म्या वयाचे. मला न पटणाऱ्या दोन मागण्यांपैकी एक मी वाचून दाखवली आणि विचारले की कोणती माहिती समोर आली तर तुम्ही ही मागणी मागे घ्याल? थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एका मुलाने वही उघडून काहीतरी लिहिले आणि म्हणाला, “यावर आम्हाला बसावे लागेल.” मला मनातून बरे वाटले, हे कबूल करतो. तेवढ्यात त्याच्या शेजारच्या मुलीने विचारले, “काका, आणि कोणती माहिती समोर आली तर तुम्ही ती मान्य कराल?” मी उत्तर द्यायला तोंड उघडले आणि माझ्याजवळ उत्तर नाही हे लक्षात आले. मीही म्हणालो, यावर मला बसावे लागेल.

पुढची बैठक शुक्रवारी आहे. मधल्या काळात, न कळलेल्या तीन मागण्यांपैकी एक मुलीने मला समजावून सांगितली. आता ती नीट कळली आहे आणि मुळीच पटलेली नाही, त्यामुळे पत्रकावरच्या माझ्या पेन्सिलीच्या खुणा आता सहा, दोन आणि तीन अशा झाल्या आहेत.